आत्याच्या माळ्यावरचे आठ शिपाई

प्रश्न असा आला आहे: "साताऱ्याचं आत्याचं जुनं घर आवरताना माळ्यावर लाल चकचकीत कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची पेटी मिळाली. आत आठ शिपाई आहेत. बोटाएवढे, हाताला जड, रंग बराच उडालेला. एकाचं डोकं डगमगतं, वर उचललं तर मानेत आगकाडी दिसते. माझ्या चौथीतल्या मुलाला ते रंगवायचे आहेत आणि खरं सांगायचं तर मलाही. रंगवावेत का? नवे रंगवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि मांडून कसे ठेवावेत?"

आधी मुख्य गोष्ट सांगतो. हे आठ शिपाई रंगवू नका आणि मुलाच्या हातात देऊ नका. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि दोन्ही महत्त्वाची आहेत. रंगवायची हौस दुसऱ्या शिपायांवर भागवता येते. त्याबद्दल पुढे भरपूर लिहिलं आहे.

तुमचं वर्णन लंडनचे खेळणी बनवणारे विल्यम ब्रिटन यांच्या मालाशी जुळतं. लाल पेटी, पायदळाच्या पेटीत आठ आणि घोडेस्वारांच्या पेटीत पाच, उंची साधारण ५४ मिलिमीटर, ही त्यांची रीत. शिपाई उलटा करा आणि पायाखालची पट्टी भिंगातून बघा. ठसा असेल तर तिथे नाव उठवलेलं दिसेल. अगदी सुरुवातीच्या शिपायांवर ठसा नसे आणि तसा माल काढणारे इतरही होते, तेव्हा ठसा सापडला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नका. मला नीट प्रकाशात, पुढून, मागून आणि तळाकडून काढलेले फोटो लागतील.

ब्रिटन यांच्याआधी युरोपात खेळण्यातले शिपाई म्हटले की जर्मनी. न्यूरेंबर्गचे कारागीर पाटीच्या दगडात साचे कोरून चपटे, पत्र्यासारखे पातळ शिपाई ओतत. भरीव शिपायांनाही मागणी होती, पण त्यात धातू खूप जाई, म्हणून ते महाग पडत. ब्रिटन यांनी १८९३ मध्ये पोकळ ओतकाम आणलं. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साच्याला लागून पातळ थर गोठला की आतला धातू लगेच परत ओतून काढायचा. उरतं ते नुसतं टरफल. तुमच्या शिपायांच्या टोपीत किंवा डोक्यात बारीकसं भोक दिसलं तर ते या ओतकामाचं आहे, कोणी टोचलेलं नाही. धातू वाचला, वजन घटलं, किंमत उतरली, आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला आख्खी तुकडी परवडू लागली.

टरफल मानेशी सगळ्यात नाजूक असतं, म्हणून डोकी तुटतात. मग पोकळ मानेत आगकाडी खुपसून डोकं पुन्हा बसवायचं, हा त्या काळच्या मुलांचा घरगुती इलाज होता. जुन्या संग्रहांत आगकाडीवाले शिपाई सर्रास दिसतात. तुमच्याकडची काडीही घरातल्याच कुणा मुलाने बसवली असणार. ती काढू नका, डिंक लावू नका. त्या शिपायाला आडवं ठेवा, एवढंच.

आता रंगाबद्दल. रंग म्हणजे वरचं सजवलेलं आवरण आहे, खरी वस्तू आतला धातू आहे, असं नवख्याला वाटतं. खेळण्यातल्या शिपायांत हे नेमकं उलट असतं. एकाच साच्यातून निघालेला घोडेस्वार एका रंगात रंगवला की बंगालच्या रिसाल्यातला, म्हणजे घोडदळातला, होई, दुसऱ्या रंगात बॉम्बे लान्सर्सचा. साचा तोच, पलटण रंगावरून ठरायची. कॉलेजात असताना मी मुंबईच्या चोरबाजारातून एक भालाईत घेतला होता. निम्मा रंग गेलेला होता. मी तो थिनरमध्ये बुडवून स्वच्छ केला आणि माझ्या समजुतीप्रमाणे सुंदर रंगवला. काही वर्षांनी तसेच दोन भालाईत एका संग्राहकाकडे पाहिले आणि माझा कुठल्या रिसाल्याचा होता हे आता कधीच कळणार नाही हे ध्यानात आलं. डगल्याचा रंग, फेट्यातली पट्टी, घोड्याचा वर्ण, सगळा पुरावा मी कापसाने पुसून टाकला होता. तो भालाईत अजून माझ्याकडे आहे. जुना रंग खरवडायच्या विचारात असलेला कोणी आला की मी आधी तो दाखवतो. बाजारभावही मूळ रंगालाच असतो. निम्मा उडालेला मूळ रंग नव्या सुबक रंगापेक्षा मोलाचा.

साफसफाई फक्त कोरड्या, मऊ ब्रशने. पाणी, साबण, काच पुसायचं द्रावण, तेल, काहीही नको.

मुलाच्या हातात का नको, तर हे शिसं आहे, आणि त्या काळच्या रंगांतही शिसं असे. ते शरीरात साठत जातं आणि वाढत्या वयात मेंदूला अपाय करतं. खेळण्यांतल्या शिशाबद्दलचे नियम कडक होत गेले आणि ब्रिटनचे शिशाचे शिपाई १९६६ मध्ये बंद झाले. मोठ्या माणसाने हाताळायला हरकत नाही, पण हातमोजे घालून, जेवणाच्या टेबलापासून दूर, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. घासकागद किंवा कानस तर अजिबात लावायची नाही. शिशाची पूड श्वासात जाणं सगळ्यात वाईट.

शिपायांचा मोठा शत्रू मात्र घरातल्या कपाटातच असतो. शिपायांच्या पायांवर, सांध्यांत, रंगाच्या भेगांत करडी-पांढरी भुकटी दिसते का बघा. तिला बुरशी समजून लोक पुसून टाकतात. ती बुरशी नव्हे. हवेतली आम्लाची वाफ, मुख्यतः व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिटिक आम्ल, आणि दमट हवा मिळून शिशाचं हळूहळू कार्बोनेट करतात. गेलेला धातू परत येत नाही. ही वाफ येते कुठून? ओकसारख्या लाकडातून, नव्या प्लायवूड आणि एमडीएफमधून, ताज्या गोंदातून, साध्या पुठ्ठ्यातून. माझ्या बाबतीत ती काचेच्या सांध्यांतून आली. हौसेने नवं काचेचं शोकेस करून घेतलं, कारागिराने सांधे सिलिकॉनने भरले. आठवडाभर त्याला आंबट वास होता. वास गेला असं वाटल्यावर मी शिपाई मांडून दार बंद केलं. पावसाळा संपता संपता अकरा शिपायांच्या घोट्यांवर पांढरं चढलं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे की ज्या कपाटात नाक घातल्यावर आंबट वास येतो त्यात शिसं ठेवायचं नाही. सिलिकॉनच वापरायचं तर आम्लाचा वास नसलेलं मागून घ्या. दुकानदाराला फरक ठाऊक असतो.

आपल्या घरांतली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे जुनं लोखंडी कपाट. पक्का रंग बसलेला पत्रा वाफ सोडत नाही. लाल पेटी जपून ठेवा, तिचं स्वतःचं मोल आहे, पण शिपाई तिच्यात ठेवू नका. प्रत्येक शिपाई आम्लरहित पातळ कागदात सैल गुंडाळून झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल भरल्याचं दिसतं आणि तापवून पुन्हा वापरता येतं. साताऱ्यात जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बघायला हवं. डांबराच्या गोळ्या घालू नका. त्यांच्या वाफेने प्लास्टिकसुद्धा मऊ पडतं. ज्याला भुकटी लागलेली दिसेल त्याला वेगळ्या डब्यात काढा. त्याचा आजार दुसऱ्याला लागत नाही, पण दोघे एकाच हवेत राहिले तर दोघांचं तेच होतं.

आता मुलाचा विषय, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

आपल्याकडे लहान शिपाई रंगवायची रीत घरोघरी आहे. दिवाळीचा किल्ला. माती, दगड, गोणपाट, वर पेरलेला अळीव आणि बुरुजांवर मातीचे किंवा प्लास्टरचे मावळे. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात आणि इतर गावांत कुंभारांकडे हे मावळे अजून मिळतात. तुमच्या मुलाचा सराव यांच्यावर होऊ दे. रंगवलेले पाच-सहा घ्या आणि पांढरे, न रंगवलेले मागून घ्या. माती आणि प्लास्टर पाणी शोषतात, म्हणून आधी पांढऱ्या डिंकात निम्मं पाणी घालून एक हात द्या. तो सुकला की रंग नीट बसतो, पसरत नाही. शाळेच्या डब्यातले पोस्टर रंग चालतील. त्याने दहा मावळे रंगवले की अकराव्याची मिशी सरळ येईल.

तुम्ही स्वतः सुरुवात प्लास्टिकवर करा. दोन जाती ओळखायला शिका. कडक प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, रंग छान धरतं. वाकणारं मऊ प्लास्टिक, ज्यातून एअरफिक्स ही ब्रिटिश कंपनी १९५९ पासून सुमारे १/७२ प्रमाणाचे, म्हणजे खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे, शिपाई काढत आली, ते रंग सोडतं. वाकलं की पोपडा पडतो. मऊ असेल तर भांडी घासायच्या साबणाने धुवा, बोटं न लावता वाळवा आणि लवचीक राहणारा पहिला हात द्या. १/७२ चा शिपाई जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. पहिल्या वर्षी मी तो सुचवत नाही. ५४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १/३२, हे शिकायला उत्तम माप. चेहरा पुरेसा मोठा असतो आणि चूक झाली तरी दुरुस्त करता येते.

पहिला हात करड्या प्राइमरचा. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा स्प्रे आधी जुन्या तुकड्यावर बघून घ्या, काही प्लास्टिक तो खातो. भर पावसाळ्यात स्प्रे करू नका, दमट हवेत पृष्ठभागावर धुकं बसल्यासारखा पांढुरका खरखरीतपणा येतो. मी सप्टेंबरअखेरपर्यंत ब्रशनेच प्राइमर लावतो.

रंगाची खरी अडचण जाडीची असते. बाटलीतून थेट लावलेला अ‍ॅक्रिलिक कपड्याच्या घड्या बुजवतो. पाणी घालून दुधाइतका पातळ करा आणि दोन-तीन हात द्या, मधे पूर्ण सुकू द्या. आपल्या हवेत रंग पॅलेटवर दहा मिनिटांत वाळतो, म्हणून ओली पॅलेट करा. चपट्या स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, आणि कागदावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला राहतो. कॅमलचे अ‍ॅक्रिलिक कॅनव्हाससाठी आहेत, रंगद्रव्य जाडसर असतं, पण शिकायला पुरतात. व्हालेहोसारखे खास छोट्या मूर्तींसाठीचे रंग जमतील तसे एकेक घ्या. ब्रशवर मात्र पैसे खर्च करा. एक नंबरचा चांगला सेबलचा (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश, ज्याचं पोट भरपूर रंग धरतं आणि टोक सुईसारखं राहतं, तो तीन शून्यांच्या काटकुळ्या ब्रशपेक्षा बारीक काम देतो. काटकुळ्या ब्रशवरचा रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत सुकतो.

चेहऱ्यापाशी थांबा. परदेशी रंगसंचात कातडीचा म्हणून जो रंग येतो तो गुलाबी गोरा असतो. तो मावळ्याला किंवा मराठा पलटणीतल्या शिपायाला लावला की माणूस परका दिसतो. मी बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) समसमान घेऊन त्यात किंचित बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घालतो. सावलीला त्यातच अंबर आणि थेंबभर गडद लाल, काळा कधीच नाही, काळ्याने चेहरा मेल्यासारखा होतो. उजेडाला पांढरा न घालता ऑकर वाढवायचा. पांढऱ्याने सावळी कातडी राखेसारखी होते. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ, भुवईची कड, एवढ्याच ठिकाणी शेवटचा उजेड. एकाच तुकडीतल्या आठ जणांना एकच रंग देऊ नका. घाटावरचे आणि कोकणातले आठ जण एका रांगेत उभे राहिले तर आठ वर्ण दिसतात.

डोळ्यांसाठी मी जे शिकलो ते कुठल्या छंदवर्गात नाही, एका गणपतीच्या कारखान्यात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवतो, श्वास अर्धा सोडून थांबवतो आणि मगच हात चालवतो. ५४ मिलिमीटरच्या शिपायावर करंगळी टेकवायला जागा नसते, म्हणून शिपाई औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर चिकटवा आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवा. आधी डोळ्याच्या खोबणीत गडद तपकिरी, त्यात मोतिया रंगाची आडवी रेघ, मग वरच्या पापणीला लागून बाहुली. बाहुली मधोमध सुटी ठेवलीत तर शिपाई दचकलेला दिसतो. दोन्ही बाहुल्या किंचित एका बाजूला वळवल्या की तिरळेपणाची भीती जाते आणि नजरेला रोख येतो.

कपड्यांत तीन रंग नवख्याला फसवतात. लाल उजळायला पांढरा घातला की गुलाबी होतो, म्हणून शेंदरी किंवा नारिंगी घाला. पांढरा अंगरखा निव्वळ पांढऱ्याने सुरू केला तर उजेडाला काही उरत नाही, म्हणून फिकट राखी किंवा बदामी रंगापासून सुरू करा आणि शुद्ध पांढरा फक्त घडीच्या माथ्यावर ठेवा. तिसरा खाकी. हा शब्दच खाक म्हणजे धूळ यावरून आला आणि ब्रिटिश अधिकारी हॅरी लम्सडेन यांच्या गाइड्स पलटणीने १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर तो अंगात घालायला सुरुवात केली. खाकी एक रंग नाही. ज्याचे कपडे शंभरदा धुतले त्याची खाकी जवळजवळ पिठाच्या रंगाची होते.

काय रंगवायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण छंद टिकतो तो यावरच. सगळं जमवायला जाऊ नका, एक धागा धरा. माझा धागा मराठा लाइट इन्फन्ट्री आहे. १७६८ मध्ये बॉम्बे सिपाईंची तुकडी म्हणून उभी राहिलेली जंगी पलटण, पहिल्या महायुद्धातला, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराचा १९१५-१६ चा वेढा, जिथे १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, वरचं टायबर खोरं. त्यांच्या सेक्शनमधला, म्हणजे छोट्या तुकडीतला, एक-एक माणूस मशीनगनपुढे पडला, ते एकटे उरले. त्यांनी मोर्च्यावर ग्रेनेड टाकून गन बंद केली, टॉमीगन या हातातल्या मशीनगनने लढले, मॅगझिन बदलायला वेळ मिळाला नाही तेव्हा दस्त्याने दोघांना लोळवलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. माणगावला त्यांचं स्मारक आहे. मी त्या युद्धातल्या ब्रिटिश आठव्या आर्मीच्या तयार संचातल्या शिपायाची मान कापून वळवली, हात नव्या पुटीने घडवला, बाहीवर नाईकच्या दोन फिती रंगवल्या. चार महिने लागले, त्यातले अडीच वाचनात आणि फोटो पाहण्यात गेले. सतराव्या-अठराव्या शतकाचे शिपाई करायचे असतील तर जुनी चित्रं बघा. ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी १७९२ मध्ये काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र पेशवाई पोशाख आणि पागोट्यांसाठी माझ्या टेबलावर कायम असतं.

मांडणीबद्दल एक गोष्ट मला जर्मनीत कळली. बव्हेरियात कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात टिनच्या शिपायांचं संग्रहालय आहे, तीन लाखांवर शिपाई. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी मुलांना घेऊन नक्की जावं. हजारो शिपायांच्या लढाया मी तिथे पाहिल्या, पण ज्यापुढे पाय थांबले ते देखावे लहान होते, चार-पाच माणसांचे. त्यांत प्रत्येक जण काहीतरी करत होता आणि कोणीतरी दुसऱ्याकडे बघत होतं. घरी बारा शिपाई एका रांगेत उभे करण्याऐवजी तिघांचा गट करा, उंच-ठेंगणे त्रिकोणात, नजरा एकमेकांना छेदणाऱ्या.

जमीन त्या प्रदेशाची हवी. सिंहगडाचा देखावा असेल तर खाली काळा बसाल्ट आणि दिवाळीनंतरचं पिवळं गवत, कोकणातला जलदुर्ग असेल तर लाल जांभा. माती चाळून कढईत कोरडी भाजा, नाहीतर तीतून किडे आणि बुरशी येते. गवताला कुंचल्याचे जुने केस किंवा केरसुणीचे तंतू छान लागतात. वापरलेली चहापूड कडक उन्हात वाळवून पाचोळा होतो. हा सगळा देखावा प्लास्टिक आणि रेझिनच्या शिपायांसाठी. शिशाच्या आठांना त्यात आणू नका, डिंक आणि माती दोन्ही त्यांना बाधतात. ते डब्याबाहेर मांडायचेच असतील तर काचेच्या साध्या फळीवर उभे करा, थेट ऊन नको, आणि एलईडी पट्टी कपाटाच्या बाहेर, म्हणजे आत उष्णता साठत नाही. आगकाडीवाला समोर आडवा ठेवा.

आणि एक काम या आठवड्यातच करा. आत्यांना विचारून घ्या, पेटी कोणी आणली, कुठून, कोण खेळायचं, आगकाडी कोणी बसवली. उत्तर त्यांच्याच शब्दांत, पेन्सिलने, आम्लरहित कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि चिठ्ठी शिपायांच्या डब्यात नव्हे, लाल पेटीत ठेवा. फोटो पाठवाल तेव्हा त्या चिठ्ठीचाही पाठवा. ठशापेक्षा कित्येकदा तिच्यावरूनच मला साल ठरवता येतं.